रेशमाची खाटली

येवल्याच्या पैठणीला लागणारी जर पुष्कळशी आपल्या सुरतेहून जाते, हे येथील मराठी घरांना ठाऊक असते. परंतु ज्या चौकटीवर रेशीम ताणून येथील कारागीर जरीचे भरतकाम करतात, ती ‘खाटली’ घरीही करता येते, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. लेकीच्या लग्नातील रेशमी अंतरपाट घरीच भरावयाचा असेल, तर गोल कड्याच्या चौकटीवर विसंबू नये. तिचे वळ रेशमावर उमटतात व सहसा जात नाहीत.

कापडाच्या रुंदीहून वीतभर लांब असे सागाचे दोन दांडे घ्यावेत. त्यांच्या टोकांशी आरपार खाचा पाडून दोन चपट्या पट्ट्या ओवाव्यात. पट्ट्यांना इंचाइंचावर छिद्रे, छिद्रांत खुंट्या, झाली खाटली. (रंधा चिरंजीवांच्या हाती द्यावा. त्याने त्यांच्या अभ्यासास बाध येत नाही.) लाकूड काचपेपरने असे घासावे की त्यावरून फिरविलेल्या रेशमाचा तंतूही अडकू नये. चुका मारावयाच्या त्या दांड्यावरील मांजरपाटाच्या पट्टीला. रेशीम त्या पट्टीला शिवावे. उरलेल्या कडांनाही मांजरपाट जोडून त्या दोरीने आवळाव्यात.

ताणताना धागा दांड्याशी काटकोनात हवा. तिरके ताणलेले रेशीम खाटलीवर निमूट बसते आणि उतरविताच नक्षीभोवती चुण्या पडतात. तेव्हा मुहूर्त तोंडावर आलेला असतो. पावसाळ्याच्या दमट हवेत कापड सैलावते, म्हणून रोज कामास बसण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ओढाव्यात. रात्री खुंटी एक छिद्र आत घ्यावी आणि वर जुने मऊ धोतर पांघरावे.