पांढऱ्या कागदावरचा तांबडा ठिपका

मुलांनो,

मार्च संपत आला की आमच्या चकलांब्यात एक वेगळीच वर्दळ सुरू होते. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गेलेली माणसं परत येऊ लागतात. महिनोन् महिने बंद असलेल्या घरांची कुलपं निघतात. अंगणं झाडली जातात, चुली पेटतात. आजी-आजोबांकडे राहिलेली माझ्या वर्गातली मुलं त्या दिवसांत नुसती उड्या मारत शाळेत येतात.

असाच एक मुलगा एका सकाळी मात्र तोंड पाडून बसला होता. अधूनमधून पायाचा घोटा खाजवत होता. मी विचारलं, "काय रे, आई-बाबा आले ना? मग असा का बसलास?"

तो म्हणाला, "गुर्जी, आमचा मोत्या लई खाजवतोय. रातभर झोपत नाही, आन् आमालाबी झोपू देत नाही. आज्जी म्हणती, त्याला लूत लागली. चुलते म्हणले, सांच्याला कपाशीवरचं औषध पाण्यात कालवून चोपडू. बरा होईल."

कपाशीवरचं औषध हे शब्द कानावर पडले आणि माझ्या हातातला खडू तिथंच थांबला.

का थांबला, ते आधी सांगतो. मी चौथीत असताना आमच्याकडे खंड्या नावाचा कुत्रा होता. तोही असाच खाजवायचा. शेपटीजवळचे केस गेले, कातडी लाल झाली. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की ही लूत. माझ्या काकांचा खंड्यावर फार जीव. त्यांनी फवारणीचं उरलेलं औषध बादलीत कालवलं आणि फडक्यानं त्याच्या अंगभर लावलं. खंड्या अंग चाटत बसला. थोड्या वेळानं त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, मग पाय लटपटू लागले. जनावरांचा दवाखाना लांब होता. संध्याकाळच्या आत खंड्या गेला. काका दोन दिवस जेवले नाहीत.

आता मोठा झाल्यावर एक गोष्ट राहून राहून आठवते. खंड्याच्या पोत्यावर मी जाऊन बसायचो, तेव्हा माझ्या पायांवरही बारीक लाल पुरळ उठायचं. ते आईनं बघितलं होतं, मीही बघितलं होतं. पण कुत्र्याची खाज आणि माझ्या पायांवरचं पुरळ या दोन गोष्टी जोडून काही कुणी बघितल्या नाहीत. आणि या मुलाचा हात तर सारखा घोट्याकडेच जात होता!

मी त्याला म्हटलं, "अरे, चुलत्यांना सांग, गुरुजी येईपर्यंत काही लावू नका."

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. आजी ओसरीत बसल्या होत्या. "या गुर्जी, टेका. कुत्र्यासाटी आलात व्हय?" म्हणून हसल्या. मी म्हटलं, "आजी, वहीचा एक पांढरा कागद, थोडा कापूस आणि वाटीभर पाणी द्या." कापसाला आमच्याकडे काय तोटा!

मोत्याच्या मालकानं, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यानं, त्याला कुरवाळत उभं धरलं. शेपटीच्या बुडाशी पाठीखाली मी कागद धरला आणि केस उलटे चोळले. कागदावर काळे बारीक कण पडले, जणू मिरीची पूडच.

चुलते म्हणाले, "गुर्जी, ही तर रानातली माती. काळ्या रानात लोळतंय ते."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आपल्या काळ्या मातीचे कण आणि पिसवांची घाण दिसायला सारखीच. मग ओळखायचं कसं? मी कापूस ओला करून त्या कणांवर टेकवला आणि थोडा थांबलो. मातीचा कण भिजला की चिखलाच्या रंगाचा होतो. इथं मात्र कणांभोवती तांबडे ठिपके पसरले. सगळे बघतच राहिले.

तो तांबडा रंग कशाचा, ओळखलंत? रक्ताचा! पिसू कुत्र्याचं रक्त पिते. त्यातलं बरंचसं ती न पचवताच बाहेर टाकते, आणि ते वाळून काळं पडतं. पाणी लागलं की पुन्हा तांबडं होतं. पिसू स्वतः हाती लागो न लागो, तिची ही खूण मागे राहतेच.

मग आम्ही उवांची असते तशी बारीक दातांची फणी घेतली. (जुनी घ्या बरं का, ताईची पळवू नका!) शेपटीचं बूड, मांड्यांची आतली बाजू, पोट, मान आणि कानांच्या मागे ती फिरवली. तिसऱ्या फेरीला एक तपकिरी ठिपका फणीवर दिसला आणि टुणकन् उडून गेला. दुसरा मात्र आम्ही साबणाच्या पाण्यात बुडवला. साध्या पाण्यावर पिसू तरंगून निसटू शकते, साबणाच्या पाण्यात बुडते. ती नखानं चिरडायची नाही.

आता ही मंडळी नीट ओळखून ठेवा. पिसू दोन-तीन मिलिमीटरची. तिला पंख नाहीत, पाय सहा. तिचं अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं असतं, म्हणून केसांच्या रानातून ती सरसर पळते. मागचे पाय असे दणकट की एका उडीत वीतभर उंच जाते. गोचीड उडत नाही. तो कातडीत तोंड रुतवून एका जागी चिकटून बसतो आणि रक्त पिऊन वाटाण्यासारखा फुगतो. मोठ्या गोचिडाला पाय आठ. ऊ सहा पायांचीच, पण संथ चालते आणि तिच्या लिखा केसांना चिकटलेल्या असतात. आणि लूत? लुतीचे किडे इतके बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तेव्हा सापडतात. बघा, खाज एकच, पण कारणं चार! मग चारी दुखण्यांना एकच औषध कसं चालेल?

तेवढ्यात आमच्या विद्यार्थ्यानं एक छान प्रश्न विचारला. "गुर्जी, आमचं घर तर पाच महिने बंद होतं. कुलूप काढून आत गेलो आन् पहिल्याच राती पायाला कायतरी चावलं. मोत्या तर आत आलाबी नव्हता. मग पिसवा आल्या कुठून?"

मी विचारलं, "घर बंद असताना मोत्या कुठं झोपायचा?"

आजी म्हणाल्या, "दारातच की. उंबऱ्याला लागून, पडवीत. मी भाकर टाकायची, तेवढीच. तिथं झाडलं कुणी?"

इथंच गंमत आहे. पिसू अंडी घालते कुत्र्याच्या अंगावर. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. पण ती अंडी केसांना चिकटत नाहीत, कुत्रा जिथं झोपतो तिथं गळून पडतात. त्यातून बारीक अळ्या निघतात. त्यांना उजेड नको असतो, म्हणून त्या पोत्याच्या घडीत, जमिनीच्या भेगेत, दाराच्या फटीतून आत अंधारात शिरतात आणि पिसवांची ती काळी घाण खाऊन वाढतात. मग आपल्याभोवती कोश विणतात. धुळीचे कण चिकटलेला तो कोश ओळखूसुद्धा येत नाही. कोशातली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येईलच असं नाही. ती वाट बघते. आठवडे, कधी कधी महिनेसुद्धा! पावलांचा धक्का बसला, अंगाची ऊब जाणवली की तिला कळतं, जेवण आलं! बंद घर उघडलं, माणसं आत वावरली आणि पिसवा बाहेर आल्या, त्या अशा.

म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या, बाकीचा सगळा संसार घरात. नुसतं कुत्र्याला धुऊन भागत नाही ते म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी चुलते स्वतः मोत्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी त्याचं वजन केलं, वजनाप्रमाणे औषध दिलं. घरी पोतं उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकलं. पडवीतल्या भेगा लिंपल्या. रोज कोपऱ्या-कोपऱ्यातून झाडून कचरा लांब नेऊन जाळला. तरी पिसवा पुरत्या जायला काही आठवडे लागले. कोशातल्या पिसवा मागाहून निघत राहतात ना! म्हणून औषध एकदा लावून थांबायचं नाही, डॉक्टर सांगतील तेवढ्या वेळा लावायचं.

आता कुणी म्हणेल, "गुरुजी, एवढ्याशा किड्याचं काय एवढं कौतुक?" तर ऐका. लहान पिल्लाच्या अंगावर फार पिसवा झाल्या तर रक्त कमी होऊन ते मरूसुद्धा शकतं. त्याचं ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात, पांढुरक्या नकोत. पिसवांमुळे कुत्र्याला एका जातीचा पट्टकृमी होतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. अशी पिसू चुकून लहान मुलाच्या पोटात गेली तर त्यालाही तो जंत होऊ शकतो.

आणि पिसवांचा इतिहास तर फार मोठा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, मग तो पुण्यात पोचला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. हा रोग उंदरांकडून माणसांकडे येतो तरी कसा, हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. पॉल-लुई सिमाँ नावाचे एक फ्रेंच डॉक्टर तेव्हा आपल्या देशात काम करत होते. काही रोग्यांच्या पायांवर त्यांना बारीकसे फोड दिसले. ते किड्याच्या चाव्याचे असतील, असं त्यांच्या मनात आलं. १८९८ साली कराचीत त्यांनी प्रयोग केला. एका मोठ्या बरणीत पिसवा असलेला रोगी उंदीर ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पिसवा मात्र जाळीतून उडी मारू शकत होत्या. निरोगी उंदराला प्लेग झाला! पुष्कळांनी आधी विश्वास ठेवला नाही, पण पुढं ते खरं ठरलं.

आपल्या बीड जिल्ह्यातलीच गोष्ट घ्या. १९९४ च्या ऑगस्टमध्ये मामला गावात घरोघर पिसवा फार झाल्याची तक्रार लोकांनी केली. उंदीर मरून पडत होते. मग आरोग्य खात्यानं फवारणी केली, आणि पुढं तिथं गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. त्याच सप्टेंबरात सुरतेतही प्लेग आला आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली. मी तेव्हा अगदी लहान होतो, पण घरात मोठी माणसं अजून त्या दिवसांबद्दल बोलतात.

घाबरू नका हं! प्लेग पसरवते ती मुख्यतः उंदरांवरची पिसू. तुमच्या मोत्याच्या अंगावरची जात वेगळी. आणि वेळेवर औषध मिळालं तर प्लेग आता बरा होतो. पण गावात अचानक उंदीर मरून पडलेले दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्रात सांगा. सिमाँसाहेबांनी काय केलं, मामल्याच्या लोकांनी काय केलं? बारीक गोष्ट बघितली आणि ती सोडून दिली नाही.

तर या आठवड्याचं काम. आपल्या घरच्या, ओळखीच्या कुत्र्याला कागद-कापसाची परीक्षा करून बघा. मोठं माणूस जवळ असू द्या. कुत्रा गुरगुरला तर सोडून द्या. रस्त्यावरच्या कुत्र्यावर हा प्रयोग नको. नंतर साबणानं हात धुवा. ठिपका तांबडा झाला तर घरच्यांना दाखवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. पिकावरचं औषध, फिनेल, रॉकेल, जळकं ऑइल यातलं काहीही लावू देऊ नका. कुत्र्याचं औषध मांजरालाही लावायचं नाही, काही औषधं मांजरांना विषासारखी असतात.

मोत्या आता छान आहे. परवा शाळेच्या फाटकापर्यंत आला होता. त्याच्या पाठीवरून हात फिरवताना मला खंड्या आठवला. त्या दिवशी आमच्या घरात वह्या होत्या, कापूसही होता. आधी बघावं, मग औषध लावावं, एवढंच कुणाला सुचलं नाही.

तुम्हाला ते सुचू दे.

तुमचे,
गुरुजी