भाड्याचं सर्टिफिकेट

मंडळी, आमच्या तळेगाव-चाकण पट्ट्यात कारखाने आले, त्यांच्यामागून इमारती आल्या आणि इमारतींखाली मेडिकलची दुकानं आली. आता नात्यातल्या तरुण मुलांनाही 'चालू मेडिकल' विकत घ्यावंसं वाटू लागलं आहे. घ्या की! माझा विरोध आहे तो लग्नाच्या पंगतीत फुकट मिळणाऱ्या सल्ल्याला. "तू फार्मासिस्ट नाहीस म्हणून काय झालं? सर्टिफिकेट भाड्याने मिळतं. भिंतीवर टांगायचं, महिन्याला पैसे द्यायचे." हे सांगणारे कुणी चोर-दरोडेखोर नसतात. एकादशी करणारी, चारचौघांत मान असलेली माणसं असतात. म्हणून तर चीड येते.

मालक स्वतः फार्मासिस्टच हवा, असं कायदा म्हणत नाही. पण 1948 च्या फार्मसी कायद्याचं 42 वं कलम सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. म्हणजे दुकानात माणूस हवा, त्याची तसबीर नको. मास्तरांचं प्रमाणपत्र भिंतीला लावून शिपायाने वर्ग घेतला, तर चालेल का तुम्हाला?

"खेड्यात फार्मासिस्ट मिळत नाही हो!" हे दुसरं पालुपद. आपल्या पुणे जिल्ह्यात फार्मसीची कॉलेजं काय थोडी आहेत? त्यांतून बाहेर पडलेली मुलं नोकरी शोधत फिरतात. फार्मासिस्ट मिळतो, पण त्याला पगार द्यावा लागतो. भाडं स्वस्त पडतं, एवढंच खरं कारण. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, 2012 च्या सुमारास, याच मुद्द्यावर दुकानांवर कारवाई सुरू झाली, तेव्हा विक्रेत्यांकडून बंदची भाषा ऐकू आली होती. कायदा पाळायला सांगितलं की बंद!

आता विकत घेणाऱ्यासाठी. "लायसन्ससकट देतो" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. परवाना म्हणजे फर्निचर नव्हे. तो ठरावीक मालकाला, ठरावीक जागेसाठी मिळतो. मालकी बदलली की जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो. तेवढ्यात नव्या मालकाने आपला परवाना घ्यायचा. जागा किमान 10 चौरस मीटर हवी. भाडेकरार नीट वाचा, कारण उद्या घरमालकाने उठवलं तर परवाना सोबत नेता येत नाही. औषध निरीक्षक ज्यात शेरे लिहितात ती तपासणी वही मागून घ्या. दुकानाची खरी कुंडली तीच. माल मोजा तो खरेदीच्या बिलांवरून, छापील किमतीवरून नव्हे. मुदत संपत आलेला माल वेगळा काढा. होलसेलरची उधारी कुणी फेडायची ते कागदावर येऊ द्या.

आणि नोंदी! तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले, त्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी आमच्या सुदुंबऱ्यात आहे. लिहून ठेवण्याचं मोल आम्हाला कुणी शिकवायला नको. 2014 पासून काही प्रतिजैविकं, क्षयाची औषधं, झोपेच्या गोळ्या अशांसाठी 'एच वन' ही वेगळी नोंदवही आहे. डॉक्टर कोण, रुग्ण कोण, औषध कोणतं, किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. भिंतीवरचं सर्टिफिकेट हे लिहिणार आहे काय?

काउंटरवरचा पोरगा बिचारा हुशार असतो, पण चिठ्ठीवर 5 आहे की 50, हे तो अंदाजाने ठरवतो. समोर उभ्या असलेल्या म्हातारीला वाचता येत नाही. तिने पोराच्या नव्हे, सर्टिफिकेटाच्या भरवशावर गोळी घेतलेली असते. तो भरवसा आपण भाड्याने दिलेला असतो.

म्हणून पोरांनो, हिशोब मांडताना पहिली ओळ फार्मासिस्टच्या पगाराची लिहा. त्यानंतरही नफा उरत असेल तर खुशाल दुकान घ्या. उरत नसेल, तर ते दुकान त्या किमतीचं नाही, एवढं समजून दुसरा धंदा बघा. किराणाही वाईट नाही!