सोरायसिसची शिवाशिव कशाला?

बुद्ध पौर्णिमेला आमच्या विहारात खीरदान होते. एक मावशी खीर वाढायला उभ्या राहिल्या आणि दोघी-तिघींनी द्रोण मागे घेतले. मावशींच्या कोपरांवर लाल चट्टे, त्यावर पांढरे पोपडे. मावशी काही न बोलता घरी गेल्या.

हा आजार सोरायसिस. तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. त्यात जंतूच नसतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. त्यांपैकी टी पेशी विनाकारण चवताळतात आणि कातडीवरच चाल करतात. एरवी महिनाभरात बदलणारी कातडी मग चार-पाच दिवसांतच नवी येते, तिचे थर साचून पोपडे होतात. काहींचे सांधेही धरतात.

या पेशींना नेमके शांत करणारे औषध आपल्या देशातही तयार झाले. बंगळुरूच्या बायोकॉनने क्युबातील संशोधन संस्थेसोबत इटोलिझुमॅब विकसित केले. 2013 मध्ये भारतात त्याला सोरायसिससाठी मान्यता मिळाली. टी पेशीवर सीडी-6 नावाची एक खूण असते. औषध तिथे जाऊन चिकटते, तशी पेशी थंडावते. ते सलाईनमधून देतात.

पण असली औषधे महाग असतात आणि सगळ्यांना लागतही नाहीत. पुष्कळांना मलम, प्रकाशोपचार किंवा मेथोट्रेक्सेटच्या स्वस्त गोळ्यांनी आराम पडतो. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर जिवावर बेतते, गरोदरपणी तर वर्ज्यच. पेशी शांत झाल्या की जंतूंशी लढण्याची ताकदही कमी होते, म्हणून इंजेक्शनाआधी टीबीची तपासणी लागते.

तेव्हा बाजारातल्या जडीबुटीवाल्याच्या पुड्या घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असले, तर ते बंद करताच आजार दुप्पट उसळतो. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात केसपेपर काढा, त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा. महागडे उपचार सांगितले, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात का, हे आरोग्यमित्राला विचारा.

औषध डॉक्टर देतील. द्रोण मात्र आपल्यालाच पुढे करायचा आहे. पाण्याला शिवण्यासाठी बाबासाहेबांसोबत महाडला गेलेल्या माणसांची आपण लेकरे. आपल्याच विहारात कुणाच्या हातचे नाकारणे आपल्याला शोभत नाही. पुढच्या पौर्णिमेला मावशींना बोलावून आणा आणि पहिला द्रोण त्यांच्याच हातून घ्या.