"आपल्यात विटाळ नाही"

मासिक पाळीचा विषय निघाला की आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत एक वाक्य ठरलेले असते : "आपल्यात विटाळ नाही." हे वाक्य खोटे नाही. आपल्या मुलीला चार दिवस बाजूला बसावे लागत नाही, तिला स्वयंपाकघर बंद होत नाही, मिस्साला जाण्यास व ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यास तिला कोणी अडवीत नाही. परंतु या एका वाक्याच्या आधारे आपण जे समाधान मिरवितो, ते आपल्या मुलींना फार महाग पडते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीरसारखे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर आणावे. आसपासच्या कापूस-सोयाबीनच्या गावांतून मुली येथे एस. टी. ने शिकावयास येतात. सकाळी घर सोडलेली मुलगी संध्याकाळीच परतते. बहुधा अकरा ते चौदा या वयात तिला पाळी सुरू होते. पहिली एक-दोन वर्षे पाळी अनियमित असणे स्वाभाविक असते. ती कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला येईल हे तिचे तिलाही ठाऊक नसते. अशा वेळी तिला चारच गोष्टी लागतात : आतून कडी लागेल असे स्वच्छतागृह, बादलीभर पाणी, स्वच्छ कापड वा पॅड, आणि वापरलेले टाकावयास झाकणाचा डबा. यांतले एक जरी नसले तरी वर्गात बसण्याचे धैर्य तिला होत नाही. 'पोट दुखते' म्हणून ती घरी राहते. महिन्याचे दोनच दिवस बुडाले तरी शाळेच्या दहा महिन्यांत ते वीस होतात. आजीने तिला बाहेर बसविले नाही हे खरे; पण शाळेने बसविलेच की !

शासनाने काहीच केले नाही, असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आवश्यक ठरविले. २०१८ च्या महिलादिनी सुरू झालेल्या 'अस्मिता' योजनेत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देण्याची तरतूद होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते २४ वयोगटात पाळीसाठी आरोग्यदायी साधन वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७७.३ टक्के झाले. साधन हाती आले. ते बदलावयाचे कोठे? कायदा स्वच्छतागृहे मोजतो. एप्रिलच्या दुपारी त्यात पाणी होते काय, हे पाहणे शाळा चालविणाऱ्यांचे काम आहे, आणि शाळा चालविण्याचा अभिमान आपल्या समाजाला थोडाथोडका नाही.

या मौनाची परिणती कोठवर जाते, ते जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूरने दाखविले. तेथील एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून कोणाची पाळी आहे हे शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी करण्यात आल्याचा आरोप झाला. गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. ती शाळा मिशनची नव्हती, एवढ्यावर आपण सुटका करून घेऊ नये. डाग दिसताच मुलीला मदत हवी असेल, हे सुचण्याऐवजी 'अपराधी कोण' हे सुचणे, ही वृत्ती कोणत्याही एका व्यवस्थापनाची मक्तेदारी नाही.

कोणी म्हणेल, हे त्रैमासिक घरातील सर्वांच्या हाती पडते. असला विषय मायलेकींपुरता राहू द्यावा. त्यांना संत मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचण्याची विनंती आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री गर्दीत प्रभूच्या वस्त्राला शिवते. लेवीय ग्रंथाच्या नियमाने ती अशुद्ध, तिचा स्पर्शही अशुद्ध. प्रभू तिला सर्वांदेखत पुढे बोलावतो आणि 'मुली' म्हणतो. तेथून तो याईराच्या घरी जातो आणि त्याच्या मृत कन्येला हात धरून उठवितो. तिचे वयही बाराच. याच स्त्रीचा दाखला देऊन पोप महान ग्रेगरी यांनी इ. स. ६०१ च्या सुमारास कँटरबरीच्या ऑगस्टीनला कळविले होते, की पाळीतील स्त्रीला मंदिरात येण्यास वा ख्रिस्तप्रसाद घेण्यास मनाई करू नये. आणि आपण काय करतो ? रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या क्रमात हा उतारा येतो. पण त्याचा लहान पाठही मान्य आहे, आणि तो निवडला की याईराची कन्या उरते, रक्तस्रावी स्त्री गळून जाते. वेळ वाचतो, संकोचही वाचतो !

हा संकोच सोडण्यास पैसा लागत नाही. धर्मग्राम समितीने या महिन्यात आपल्या शाळेचे, सभागृहाचे व मंदिराच्या आवारातले स्वच्छतागृह उघडून पाहावे आणि कडी, पाणी, डबा यांचा हिशोब सभेत द्यावा. पालकसभेत हा प्रश्न वडिलांनी विचारावा. आईने विचारला की तो 'बायकांचा' ठरतो. धार्मिक शिक्षणाच्या वर्गात दहाव्या-अकराव्या वर्षीच, मुलग्यांच्याही उपस्थितीत, पाळी म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगावे. घरात पॅडचे पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून आणणे थांबवावे. एवढे झाल्यावर "आपल्यात विटाळ नाही" हे वाक्य आपण खुशाल उच्चारावे. तोवर ते आपल्या मुलींना विचारल्याशिवाय उच्चारू नये.