गोवरच्या लशीचा दुसरा डोस चुकला तर काय बिघडतं?

2022च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडी परिसरात गोवरची साथ पसरली. लहान मुलं दगावली. मालेगाव, भिवंडीतही रुग्ण सापडले. ही लस 1985 पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आहे, सरकारी केंद्रात मोफत मिळते. मग साथ आलीच कशी?

कोरोनाकाळात नियमित लसीकरण रखडलं, हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. ते खरंच आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं साध्या गणितात आहे.

संरक्षण नसलेल्या वस्तीत गोवरचा एक रुग्ण 12 ते 18 जणांना आजार देऊ शकतो. म्हणून साथ रोखायला किमान 95 टक्के मुलांचे दोन्ही डोस व्हावे लागतात. समजा, एका वस्तीत 100 पैकी 90 मुलांनी पहिला डोस घेतला. आकडा ऐकायला छान वाटतो. पण नवव्या महिन्यात दिलेला डोस साधारण 85 टक्के बाळांनाच संरक्षण देतो. म्हणजे सुरक्षित मुलं 76च्या आसपास. बाकीची 24 एकाच चाळीत, एकाच अंगणवाडीत असली तर विषाणूला आणखी काय हवं?

यात लस खराब आहे असं नाही. आईकडून मिळालेल्या अँटिबॉडीज काही बाळांच्या अंगात तोवर शिल्लक असतात आणि त्या लशीचा परिणाम कमी करतात. जास्त थांबावं, तर त्याआधीच गोवर होण्याची भीती. म्हणून पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत. अनेक पालक त्याला 'बूस्टर' समजून सोडून देतात. खरं तर पहिल्या डोसने जे हुकले, त्यांच्यासाठी ती दुसरी संधी असते.

'आमच्या वेळी सगळ्यांनाच गोवर निघायचा', असं घरातले मोठे सांगतात. जे वाचले तेच सांगतात, हेही लक्षात घ्या. गोवरातून न्यूमोनिया होऊ शकतो. शिवाय हा विषाणू शरीराने आधीच्या आजारांविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्तीही बऱ्याच प्रमाणात पुसून टाकतो.

साथ असलेल्या भागात 6 ते 9 महिन्यांच्या बाळांना जादा डोस देतात. तो 'झिरो डोस', हिशेबात धरायचा नाही. पुढचे दोन्ही घ्यायचेच.

तारीख उलटून गेली असेल तरी 5 वर्षांपर्यंत राहिलेला डोस सरकारी केंद्रात मिळतो. कार्ड सापडत नसेल तर आशाताईंना विचारा, नोंद बहुतेकदा त्यांच्या वहीत असते.