आधी रॅम ठरवा, मग प्रोसेसर!

दिवाळीआधी पीसीचं कोटेशन काढून ठेवलं होतं? मग तो कागद आता रद्दीत टाका. प्रोसेसर, मदरबोर्ड, कॅबिनेटच्या ओळी थोड्याफार इकडेतिकडे झाल्या असतील, पण रॅमच्या ओळीवर आकडाच बदललाय. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत जगभर रॅमच्या किमती दुपटीवर गेल्या, काही प्रकारांत त्याहूनही वर. एसएसडीचे भावही मागोमाग चढले. पहिला पीसी असेंबल करायचा विचार असलेल्या आमगाव, देवरी, सालेकसाच्या विद्यार्थ्याचं बजेट यात सरळ कोलमडतं.

दुकानदार लुटतोय असं वाटणं साहजिक आहे. पण यावेळी गोष्ट दुकानाच्या खूप पलीकडची आहे.

एकच बांधी, पीक बदललं

आपल्या जिल्ह्याला धानाचं कोठार म्हणतात, म्हणून धानाच्याच भाषेत समजून घेऊ. बांधी तेवढीच असते. त्यात ठोकळ लावायचं की बारीक, हे शेतकरी ठरवतो. बारीक पिकतं कमी, पण भाव चांगला. सगळ्यांनीच बारीक लावलं तर बाजारात ठोकळ मिळेनासं होतं आणि त्याचाही भाव चढतो.

रॅमचं नेमकं हेच झालं. जगातली बहुतेक सगळी रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या चिपवर चालते. एआयच्या सर्व्हरला एचबीएम नावाची वेगळी, महागडी मेमरी लागते. ती बनवायला साध्या डीडीआर५ च्या साधारण तिप्पट वेफर, म्हणजे तिप्पट ‘बांधी’ खर्च होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्ससोबत करार जाहीर केले, त्यातलं लक्ष्य महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतचं होतं. पुढे ३ डिसेंबरला मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं सांगितलं. आपल्याकडे बजेट पीसीत हमखास दिसणारं हे नाव. भाव देणारं गिऱ्हाईक दारात उभं असताना तुमच्या-माझ्या आठ जीबीच्या स्टिकसाठी कोण बांधी राखून ठेवणार?

मग काय बदलतं?

आतापर्यंतचा सल्ला ठरलेला होता: आधी प्रोसेसर निवडा, त्याला चालणारा बोर्ड घ्या, उरलेल्या पैशात रॅम. आज हा क्रम उलटा करावा लागेल. कारण रॅमचा प्रकार ठरला की बोर्ड ठरतो, आणि बोर्ड ठरला की प्रोसेसर.

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. एक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. जोर लावला तर बोर्ड जातो. त्यामुळे सध्या तुमच्यासमोर तीन वाटा आहेत.

पहिली, एएमडीचं एएम४ सॉकेट. फक्त डीडीआर४. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असल्याने वेगळं कार्ड लागत नाही. पण ही शेवटची गाडी आहे. पुढे प्रोसेसर बदलायचा म्हटलं तर फार वर जाता येत नाही.

दुसरी, इंटेलचं एलजीए१७००, म्हणजे १२, १३ आणि १४ वी जनरेशन. गंमत अशी की इथे दोन्ही रॅम चालतात, पण एका बोर्डवर एकच. एकाच एच६१० चिपसेटचे काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे असतात. नावाच्या शेवटी ‘डी४’ आहे का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बहुतेक घोळ इथेच होतात.

तिसरी, एएमडीचं एएम५. फक्त डीडीआर५. आज महाग पडेल, पण २०२७ पर्यंत तरी हे सॉकेट चालू ठेवू असं कंपनीने सांगितलंय. चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायची सोय राहते.

आता घरात शोधा. दादाच्या, मित्राच्या किंवा ओळखीच्या सायबर कॅफेच्या बंद पडलेल्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर४ ची स्टिक पडून आहे का? असेल तर आजच्या भावात ते घबाडच, आणि मग पहिली किंवा दुसरी वाट सरळ तुमची. नवीन घ्यायला गेलात तर डीडीआर४ सुद्धा स्वस्त राहिलेली नाही, कारण कंपन्या तिचं उत्पादन आटोपतं घेतायत. एक लक्षात ठेवा, लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपमध्ये लागत नाही.

ऑफिस, टॅली, सी, जावा, पायथन एवढ्यापुरता पीसी हवा असेल तर आज ८ जीबीची एकच स्टिक घ्या आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवा. भाव उतरले की भरता येईल. मात्र ग्राफिक्स कार्ड न घेता गेम खेळायचे असतील तर एका स्टिकवर वेग बराच मार खातो. तिथे दोन स्टिक लागतातच.

‘आय-सेव्हन’चा मोह

भाव चढले की स्वस्त माल पुढे येतो. “आय-सेव्हन, आठ जीबी, एसएसडी, सगळं एवढ्यात!” अशी जाहिरात तुम्हीही बघितली असेल. विचारा, कोणती जनरेशन? अनेकदा आत एच६१ चा बोर्ड आणि दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचा प्रोसेसर निघतो, म्हणजे २०११-१२ चा. रॅम डीडीआर३. त्यापेक्षा २०२२ मध्ये आलेला आय-थ्री १२१०० कितीतरी वेगवान आहे, कोअर दोघांचे चारच असले तरी.

आणि खरी अडचण पुढे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलची ढोबळमानाने आठवी जनरेशन किंवा एएमडीचं रायझन २००० त्याच्या पुढचं. जुनी मशीन जुगाड करून चालेल, पण मायक्रोसॉफ्ट तिची जबाबदारी घेत नाही. लिनक्स वापरायची तयारी असेल तर जुनी मशीन वाईट नाही. फक्त ती आय-सेव्हनच्या नावावर नव्या भावात घेऊ नका.

न दिसणारे भाग

पैसे वाचवायचे म्हणून सगळ्यात आधी कात्री लागते ती एसएमपीएसवर. कॅबिनेटसोबत ‘४५० वॅट’ लिहिलेला फुकटचा एसएमपीएस येतो. लिहिलेले वॅट तो देईलच असं नाही, आणि तो जाताना एकटा जात नाही, बोर्डही घेऊन जाऊ शकतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीला चांगल्या कंपनीचा ४०० ते ४५० वॅटचा पुरून उरतो. तिरोड्यात ३,३०० मेगावॅटचं वीज केंद्र असलं तरी आपली लाइट जाते ती जातेच, म्हणून यूपीएसचे पैसे सुरुवातीपासून बजेटमध्ये धरा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत देतो. सेव्ह करून बंद करायला तेवढा बास.

आणखी तीन गोष्टी दुकानातच तपासा. इंटेल प्रोसेसरच्या नावात ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही, कार्ड न घेता स्क्रीन काळीच राहील. बी४५० सारख्या जुन्या बोर्डवर रायझन ५००० लावायचा तर बायोस अपडेट झालेला हवा. आणि एम.२ चा स्लॉट दिसला म्हणजे एनव्हीएमई चालेलच असं नाही. काही ठिकाणी तो फक्त साटाचा असतो. बोर्डचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर असतं, दहा मिनिटांत वाचून होतं.

कुठून घ्यायचं?

ऑनलाइन थोडं स्वस्त दिसतं. पण पार्ट चुकला तर परत पाठवण्यात आठवडे जातात, आणि बोर्डच्या सॉकेटमधली पिन वाकली तर वॉरंटी हात वर करते. नागपूर सुमारे १३० किलोमीटर. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं, पण एका खराब स्टिकसाठी तीन चकरा झाल्या तर वाचलेले पैसे तिकिटातच गेले. गावातला दुकानदार दोन पैसे जास्त घेत असेल आणि समोर जोडून, चालू करून देत असेल, तर ते दोन पैसे वाया गेले असं समजू नका.

बिल मात्र पक्कंच घ्या, सिरियल नंबरसह. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून “बिलाशिवाय कमी करून देतो” हे ऐकायला गोड वाटतं. पण बिल नसेल तर वॉरंटीसाठी भांडायला तुमच्या हातात काहीच नाही. बिल द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित प्रथा आहे. तक्रारीसाठी १९१५ लावा. प्रोसेसर बॉक्सवालाच मागा. सुट्या ‘ट्रे’ प्रोसेसरची वॉरंटी कंपनी थेट तुम्हाला देत नाही, ती विकणाऱ्याच्या भरवशावर असते.

आता घ्यायचा की थांबायचं? प्रोजेक्ट, कोर्स किंवा कमाई पीसीवर अडली असेल तर घ्या, पण कमीत कमी रॅमवर आणि वाढवता येईल असा. नुसता गेमसाठी हवा असेल तर थांबलात तरी काही बिघडत नाही. नवीन कारखाने उभे राहायला वर्षं लागतात, त्यामुळे भाव पुढच्याच महिन्यात उतरतील असं कुणी सांगितलं तर त्या आशेवर सेमिस्टर घालवू नका. घरच्यांनी धान विकून दिलेला पैसा दोनदा मिळत नाही. तो देण्याआधी कागदावर फक्त चार ओळी लिहा: रॅमचा प्रकार, बोर्डचं पूर्ण नाव, प्रोसेसरचं पूर्ण नाव, एसएमपीएसची कंपनी. या चार ओळी एकमेकींशी जुळल्या, तरच खिशात हात घाला.