उंच नको, पसरट!

महाडच्या माझ्या मामेभावाकडे खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी आहे. दोन क्लाऊनफिश, थोडे प्रवाळ, लाइव्ह रॉक. आता त्याला मोठी टाकी हवीय, चार बाय दोन बाय दोन. घरात दोन तट पडलेत आणि फोनवर मला पंच नेमलंय. तर मंडळी, माझा निकाल असा: टाकी मोठी घ्यावीच, पण उंच घेऊ नये.

आधी मोठी का ते. टाकी जितकी लहान तितकी ती लवकर बिघडते. बाष्पीभवनाने खारटपणा वाढणं, एप्रिल-मेमध्ये पाणी तापणं, एखादा मासा मेल्यावर अमोनिया चढणं, हे सगळं थोड्या पाण्यात झपाट्याने होतं. जास्त पाणी म्हणजे चूक लक्षात यायला जास्त वेळ. आमच्या भाषेत सांगायचं तर बफर.

आता गणित. जुनी टाकी दोन बाय एक बाय एक, म्हणजे 2 घनफूट. नवीन 16 घनफूट, आठपट! एक घनफूट समुद्राचं पाणी साधारण 29 किलो, म्हणजे नुसतं पाणीच 460 किलोच्या वर. काच, दगड, स्टँड वेगळे. पण जमिनीवर दर चौरस फुटाला किती वजन पडतं हे लांबी-रुंदीवर ठरतच नाही, ते ठरतं पाण्याच्या उंचीवर. एक फूट पाणी म्हणजे 29 किलो, दोन फूट म्हणजे 58.

"मग तळमजल्यावर ठेव ना," असं कोणी पुण्यात बसून म्हणेल. महाडमध्ये नाही म्हणणार. 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यांचं काय झालं ते आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. म्हणून जे किमती ते वरच्या मजल्यावर. आणि वरच्या मजल्याचंही आमच्याकडे दुःखच आहे: 24 ऑगस्ट 2020 ला महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून 16 जणांचा जीव गेला. त्याचा टाकीशी काही संबंध नाही. पण त्यानंतर स्लॅबवर वजन टाकताना "काही होत नाही रे" म्हणायची हिंमत माझ्यात तरी नाही. घरातल्या खोल्यांचे स्लॅब सहसा दर चौरस मीटरला 200 किलो वापराचं वजन धरून डिझाइन करतात, म्हणजे चौरस फुटाला 19 किलोच्या आत. ते पूर्ण खोलीभर पसरलेलं धरलेलं असतं, त्यामुळे एका कोपऱ्यात थोडं जास्त चालतं. किती जास्त, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं, टाकीच्या दुकानदाराने नाही.

म्हणून माझी सूचना: चार फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी 7.5 घनफूट, म्हणजे जुन्याच्या पावणेचारपट, साधारण 210 लिटर. चौरस फुटाला भार मात्र फक्त सव्वापट. टाकी बीमजवळ, भिंतीला लागून ठेवायची.

दुसरा फायदा विजेचा. कोकणात पावसाळ्यात लाइट किती टिकते हे मी सांगायला नको. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगडात कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. पंप थांबला की पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो फक्त पृष्ठभागावरून. पसरट टाकीत तो पृष्ठभाग 2 चौरस फुटांचा 6 होतो. पाणी फिरवणारा एक छोटा पंप तरी इन्व्हर्टरवर हवाच. शिवाय पाणी उथळ असलं की प्रवाळांपर्यंत प्रकाश पोचवायला दिवेही कमी ताकदीचे चालतात.

राहिलं प्रत्यक्ष हलवणं. लोक जुनं पाणी जपतात, पण खरा जीव दगडात असतो. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया मुख्यतः दगडांवर आणि वाळूत राहतात. तेव्हा दगड जुन्याच पाण्यात बुडवून न्यायचे, नळाखाली धुवायचे नाहीत. क्लोरीन बॅक्टेरियाला मारतं. जुनी वाळू ढवळून तशीच ओतायची नाही, तिच्यात घाण साठलेली असते. नवीन पाणी आदल्या दिवशीच आरओच्या पाण्यात, लिटरला 35 ग्रॅमच्या हिशोबाने, मीठ विरघळवून फिरत ठेवायचं. खारटपणा आणि तापमान जुळलं की आधी दगड, मग प्रवाळ, शेवटी मासे. आणि पुढचा महिनाभर नवीन मासा नाही. सर्व्हर बदलला त्याच दिवशी नवीन फीचर टाकत नाहीत, तसंच.

जागा वाढली म्हणून हरिहरेश्वरच्या खडकांवरून प्रवाळ खरवडून आणायचं मात्र डोक्यातही आणू नये. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट 1 मध्ये आहेत, वाघाच्या पंक्तीला. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी 2020 मध्ये प्रवाळांच्या 18 वसाहती हलवायच्या होत्या, तर त्यासाठी वनखात्याची परवानगी आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ लागले. विकत घेतानाही कागदपत्रं मागावीत.

उंच टाकी दिवाणखान्यात रुबाबदार दिसते, हे मान्य. पण ती बघणारे दहा मिनिटं बसून चहा पिऊन जातात. खालच्या मजल्यावरची माणसं मात्र रोज रात्री तिच्याखाली झोपतात.